स्क्रीन रीडर लावून स्लॅक कसं वापरायचं? ऑफिस चॅटची सविस्तर माहिती

नवीन नोकरी लागली की पहिल्याच दिवशी लॅपटॉपसोबत स्लॅक किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सचं लॉगिन हातात पडतं. ऑफिसचा अर्धा कारभार आता तिथेच चालतो. कोण कुठे अडकलंय, मीटिंग पुढे ढकलली का, आज रिलीज जाणार की नाही, सगळं चॅटवर. मग ज्याला स्क्रीन दिसत नाही किंवा फारच कमी दिसते, त्याने हे कसं वापरायचं?

वापरता येतं, आणि चांगलं वापरता येतं. सुरुवातीला काही सेटिंग्ज बदलावी लागतात, पाच-सहा शॉर्टकट हाताला बसवावे लागतात. उरलेला भाग मात्र टीममधल्या बाकीच्यांच्या हातात असतो आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. मुख्य उदाहरण स्लॅकचं घेतलंय, विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर धरून. फोनचं पुढे येईलच.

आधी स्क्रीन रीडरबद्दल थोडंसं

स्क्रीनवर काय आहे ते आवाजात वाचून दाखवणारं किंवा ब्रेल डिस्प्लेवर उमटवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. बऱ्याच जणांना वाटतं की तो स्क्रीनचा फोटो काढून वाचत असेल. तसं नसतं. प्रत्येक ॲप ऑपरेटिंग सिस्टीमला आपल्या खिडकीतल्या वस्तूंची माहिती देतं: हे बटण आहे, याचं नाव ‘पाठवा’, ही यादी आहे, तिच्यात इतक्या ओळी आहेत. झाडासारख्या फांद्या असलेल्या या रचनेला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात आणि स्क्रीन रीडर हीच वाचतो. त्यामुळे ॲप बनवणाऱ्याने एखाद्या बटणाला नावच दिलं नसेल, तर स्क्रीन रीडर नुसता ‘बटण’ म्हणून पुढे जातो. ते कसलं बटण हे तुम्ही ओळखायचं!

विंडोजवर दोन स्क्रीन रीडर जास्त चालतात. जॉज हा जुना, ताकदवान आणि महाग. एनव्हीडीए फुकट आणि ओपन सोर्स. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याच्या जोडीला आला. त्याचा बराचसा कोड पायथनमध्ये आहे, म्हणजे ज्यांना कोडिंगची आवड आहे त्यांना तो उघडून बघताही येतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर फोनमध्ये आधीपासूनच असतात. दोन्ही २००९ मध्ये आले.

चॅट नेमकं अवघड कुठे होतं?

ज्याला दिसतं तो स्लॅक उघडल्यावर एका नजरेत बरंच काही टिपतो. डावीकडे कुठलं चॅनल ठळक झालंय, कुणाच्या नावापुढे लाल आकडा आहे, मधे कोणी फोटो टाकलाय, खाली कोणीतरी टाइप करतंय. स्क्रीन रीडरकडे मात्र एकच आवाज असतो आणि तो एका वेळी एकच गोष्ट सांगतो. नजर चाळते, कान रांगेत उभा राहतो. पंचवीस चॅनलं असली तर पंचवीस नावं ऐकायची, की थेट हव्या त्या जागी उडी मारायची? स्क्रीन रीडरवर चॅट शिकणं म्हणजे मुख्यतः या उड्या शिकणं.

गंमत म्हणजे जुन्या काळचं चॅट या बाबतीत सोपं होतं. १९८८ मध्ये सुरू झालेलं आयआरसी म्हणजे साध्या मजकुराच्या ओळी, एकाखाली एक. स्लॅकमध्ये थ्रेड आहेत, रिॲक्शन आहेत, फाइल आहेत, प्रत्येक मेसेजला चिकटलेली पाच-सात बटणं आहेत. आणि डेस्कटॉपवरचं स्लॅक आतून एक वेबपेजच आहे, इलेक्ट्रॉन नावाच्या फ्रेमवर्कमध्ये गुंडाळलेलं.

यातून एक तांत्रिक अडचण येते. वेबपेज वाचताना एनव्हीडीए ‘ब्राउज मोड’मध्ये असतो. या मोडमध्ये तो पानाची स्वतःची एक प्रत बनवतो आणि तुम्ही बाणांनी त्या प्रतीत फिरता. बातमी वाचायला हे उत्तम. पण चॅनलमध्ये हजारो मेसेज असतात आणि स्लॅक ते सगळे एकदम लोड करत नाही. स्क्रीनच्या आसपासचे मोजकेच ठेवतं, बाकीचे लागतील तसे आणतं आणि काढून टाकतं. त्यामुळे ब्राउज मोडमध्ये वर वर जात राहिलं की अचानक ‘यादी संपली’ असं वाटतं, आणि प्रत्यक्षात वर महिनाभराच्या गप्पा शिल्लक असतात. नवीन लोक इथेच वैतागून सोडून देतात.

उपाय सोपा आहे: स्लॅकमध्ये शक्यतो ‘फोकस मोड’मध्ये राहा. एनव्हीडीएचं बटण, म्हणजे इन्सर्ट किंवा तुम्ही ठेवलं असेल तर कॅप्स लॉक, दाबून धरायचं आणि स्पेस दाबायचा. मोड बदलतो आणि वेगळा आवाज येतो. जॉजमध्ये हेच काम इन्सर्ट + झेड करतं. फोकस मोडमध्ये बाण थेट स्लॅककडे जातात, आणि पुढचे मेसेज आणण्याची जबाबदारी स्लॅकची. ब्राउज मोड राखून ठेवायचा तो एखादा मेसेज अक्षर-अक्षर तपासण्यासाठी. लिंक, आयपी ॲड्रेस, कुणाच्या नावाचं स्पेलिंग अशा वेळी.

पहिल्या दिवशी बदलायची सेटिंग्ज

कंट्रोल + स्वल्पविराम दाबलं की स्लॅकचं प्रेफरन्सेस उघडतं. त्यात ॲक्सेसिबिलिटी नावाचा विभाग आहे. तिथे मेसेज कुठल्या क्रमाने वाचायचा ते ठरवता येतं: पाठवणारा, मजकूर, वेळ यांपैकी आधी काय. वेळ शेवटी ठेवलेली बरी, नाहीतर प्रत्येक मेसेजला आधी तारीख ऐकावी लागते. वर्दळीच्या चॅनलवर याने डोकं उठतं.

तिथेच येणारे मेसेज आपोआप वाचायचे का, मेसेज गेला-आला की आवाज करायचा का, इमोजींची नावं वाचायची का, हेही आहे. आपोआप वाचन सुरुवातीला छान वाटतं. चार जण एकदम बोलायला लागले की नको होतं. माझ्या मते आवाजाची खूण चालू आणि आपोआप वाचन बंद, हे बहुतेकांना सोयीचं पडेल.

आणखी एक सेटिंग फार कामाचं आहे. रिकाम्या मेसेज बॉक्समध्ये वरचा बाण दाबला तर काय व्हावं? एक पर्याय आहे शेवटचा मेसेज एडिट करणं, दुसरा आहे मेसेजच्या यादीत जाणं. दुसरा निवडा. मग बॉक्समधून वर बाण मारला की तुम्ही थेट ताज्या मेसेजवर जाता. एडिटसाठी कंट्रोल + वरचा बाण आहेच.

रोजचे शॉर्टकट

सगळे शॉर्टकट पाठ करायची गरज नाही. कंट्रोल + / दाबलं की पूर्ण यादी समोर येते. स्लॅकमध्ये बदल होत राहतात, त्यामुळे तीच यादी खरी मानायची. पण काही पहिल्या आठवड्यातच बोटांना लागायला हवेत.

सगळ्यात मोलाचा कंट्रोल + के. हा दाबा, माणसाचं किंवा चॅनलचं नाव दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर. पंचवीस चॅनलांची रांग ऐकायची गरज संपली. स्लॅकचा एकच शॉर्टकट शिकायचा असेल तर हाच शिका. त्याच्या खालोखाल एफ ६: डावी यादी, मधले मेसेज, उजवीकडचा थ्रेड अशा मोठ्या भागांमध्ये हा फिरवतो, आणि शिफ्ट + एफ ६ उलट दिशेने. वाट चुकली, आपण नक्की कुठे आहोत कळेना, तर एफ ६ दाबत राहायचं, कुठल्या तरी ओळखीच्या जागी पोचताच.

न वाचलेल्या पुढच्या-मागच्या चॅनलवर जायला ऑल्ट + शिफ्ट + खालचा किंवा वरचा बाण. सगळे न वाचलेले एकत्र हवे असतील तर कंट्रोल + शिफ्ट + ए. थ्रेडसाठी कंट्रोल + शिफ्ट + टी. सकाळी लॉगिन केल्यावर हेच दोन आधी बघितले की रात्रीतून काय झालं ते समजतं.

मेसेजवर फोकस असताना एकेका अक्षराने कामं होतात. टी दाबलं की थ्रेड उघडतो, आर दाबलं की रिॲक्शन, ई दाबलं की स्वतःचा मेसेज एडिट, यू दाबलं की तिथून पुढचं न वाचलेलं म्हणून खूण. ही यू वाली युक्ती कामाची आहे. ऐकता ऐकता कुणी हाक मारली तर यू दाबून उठायचं, परत आल्यावर जागा सापडते.

एक धोक्याची जागा सांगून ठेवतो. ॲट चिन्ह टाइप करून नाव लिहायला लागलात की सुचवलेल्या नावांची यादी उघडते आणि पहिलं नाव आधीच निवडलेलं असतं. एंटर दाबला की मेसेज जात नाही, ते नाव मजकुरात बसतं. टीममध्ये दोन स्नेहल असतील तर भलत्याच स्नेहलला नोटिफिकेशन जाऊ शकतं. म्हणून बाणाने यादी ऐकायची, निवडायचं, आणि पाठवण्याआधी ओळ परत वाचून घ्यायची. एंटरने मेसेज पटकन जाण्याची धास्ती वाटत असेल, तर एंटरने नवीन ओळ आणि कंट्रोल + एंटरने मेसेज, असंही सेटिंग करता येतं.

टीम्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: कंट्रोल + पूर्णविराम दाबलं की तिथली शॉर्टकटची यादी उघडते. बटणं वेगळी आहेत, पण भागांमध्ये फिरणं आणि शोधून उडी मारणं ही पद्धत तीच.

मराठी मेसेज आणि रोमन अक्षरं

आपल्याकडच्या टीममध्ये कामाचं इंग्रजीत आणि बाकीचं मराठीत, असं मिश्रण चालतं. मराठीही बहुतेक जण रोमन अक्षरांत लिहितात. डोळ्यांना त्याची सवय झालीये. स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज मात्र ते इंग्रजी समजूनच वाचतो. ‘अरे’ रोमनमध्ये लिहिलं की तो ‘आर’ म्हणतो, ‘पण’चं ‘पॅन’ होतं, ‘मग’चं ‘मॅग’, ‘तर’चं ‘टार’ आणि ‘काय’चं ‘के’. आता ‘आर पॅन मॅग के’ यातून ‘अरे पण मग काय’ ओळखून दाखवा! सवयीने लोक ओळखतातही, पण प्रत्येक वाक्याला हे कोडं सोडवायचं म्हणजे दमणूक.

उलट बाजूही आहे. मेसेज देवनागरीत आला आणि निवडलेल्या आवाजाला देवनागरी येतच नसेल, तर तो मजकूर गाळला जातो. एनव्हीडीएमध्ये भाषा आपोआप बदलण्याची सोय आहे, पण हा मजकूर मराठी आहे अशी खूण पानाने दिलेली असावी लागते. चॅटच्या मेसेजवर अशी खूण नसते.

यावर चालणारा तोडगा म्हणजे ईस्पीक एनजी. एनव्हीडीएसोबत तो आधीच येतो आणि त्यात मराठी आवाज आहे. देवनागरी तो मराठीत वाचतो, मधले रोमन शब्द इंग्रजी धरून वाचतो. आवाज रोबोटसारखा आहे, हे कबूल. पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत, म्हणून बरेच जुने वापरकर्ते त्यालाच चिकटून असतात. डेस्कटॉप कीबोर्डच्या मांडणीत एनव्हीडीए + कंट्रोल + डावा-उजवा बाण दाबून ‘व्हॉइस’वर जायचं आणि वर-खाली बाणाने आवाज बदलायचा. अँड्रॉइडवर गुगलच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज उतरवून घेता येतो.

थोडक्यात, मराठी देवनागरीत आणि इंग्रजी रोमनमध्ये लिहिलं की वाचन सुरळीत होतं. फोनवर जीबोर्डमध्ये रोमन टाइप करून देवनागरी उमटवता येते, त्यामुळे लिहिणाऱ्याला फार कष्टही नाहीत.

फोनवर

टॉकबॅकमध्ये उजवीकडे स्वाइप केलं की पुढची वस्तू, दोनदा टॅप केलं की ती उघडते. मेसेजवर दोनदा टॅप करून दुसऱ्या वेळी बोट तसंच दाबून ठेवलं, की रिॲक्शन, थ्रेडमध्ये उत्तर वगैरेंचा मेनू येतो. आयफोनवर मेसेजवर असताना एका बोटाने वर-खाली स्वाइप केलं की व्हॉइसओव्हर उपलब्ध क्रिया सांगतो. दोन बोटांनी एकदा टॅप केलं की दोन्हीकडे बोलणं थांबतं. बसमध्ये हे सगळ्यात आधी शिकायचं!

फोन हे वाचायला आणि छोटं उत्तर द्यायला चांगलं साधन आहे. लांब चर्चा, कोड, फाइल यांसाठी कीबोर्डच हवा. आणि लॅपटॉपवर काम चालू असताना फोनही तोच मेसेज वाचत बसू नये म्हणून स्लॅकच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये ‘डेस्कटॉपवर सक्रिय नसेन तेव्हाच मोबाइलवर पाठव’ असा पर्याय निवडा.

मीटिंग चालू असताना

इथे खरी कसरत असते. मॅनेजर कॉलवर बोलतोय, त्याच वेळी कोणीतरी चॅटमध्ये लिंक टाकतं, आणि स्क्रीन रीडर ती पूर्ण लिंक अक्षरं-आकड्यांसकट वाचायला लागतो. दिसणाऱ्याला कान एकीकडे आणि डोळे दुसरीकडे ठेवता येतात. इथे दोन्ही कामं कानालाच करायची आहेत. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल दाबलं की वाचन लगेच थांबतं, शिफ्टने अर्ध्यावर थांबवून पुढे चालू करता येतं. एनव्हीडीए + एस ने बोलण्याचे प्रकार बदलतात, त्यात पूर्ण गप्प हाही एक आहे. काही जण एका कानात कॉल आणि दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर, असे दोन वेगळे इयरफोन लावतात. ज्यांना ब्रेल येतं आणि डिस्प्ले मिळाला आहे त्यांचं सगळ्यात सुखाचं. बोटांनी वाचायचं, कान मोकळे. पण ही यंत्रं महाग असतात.

स्क्रीन शेअर करताना सिस्टीमचा आवाजही शेअर झाला, तर तुमचा खासगी मेसेज अख्ख्या मीटिंगला ऐकू जाऊ शकतो. शेअर करण्याआधी स्लॅकची नोटिफिकेशन थांबवून ठेवायची.

आता टीममधल्या बाकीच्यांसाठी

वरचं सगळं जमलं तरी एका गोष्टीपुढे स्क्रीन रीडर हात टेकतो: स्क्रीनशॉट. एरर आली की आपण पटकन फोटो काढून चॅनलमध्ये टाकतो. स्क्रीन रीडरला तिथे ‘इमेज’ आणि फाइलचं नाव एवढंच मिळतं. आमच्या टीममध्ये टेस्टिंग करणारा एक सहकारी दृष्टिहीन आहे. अनेकदा सगळ्यांच्या आधी चूक तोच शोधतो. पण एररचा नुसता फोटो आला की तो चर्चेच्या बाहेर, आणि ‘कुणीतरी मजकूर टाका’ हे दर वेळी सांगत बसणं त्याला नको वाटतं. ज्याला नोकरी लागून दोन महिने झालेत तो तर सांगणारच नाही. गप्प बसेल, आणि लोक समजतील की याला काही सुचत नाही.

म्हणून एररचा मजकूर कॉपी करून कोड ब्लॉकमध्ये टाका. वाटल्यास फोटोही टाका, पण सोबत मजकूर हवाच. स्लॅकमध्ये फाइलचे तपशील एडिट करून फोटोचं वर्णन लिहिता येतं, तेही करा. तरीही नुसता फोटो आलाच, तर एनव्हीडीए + आर दाबल्यावर विंडोजचं ओसीआर त्यातला मजकूर वाचतं. ते लॅपटॉपवरच चालतं. फोटोचं वर्णन करणारी एआय ॲप्सही आता आहेत, पण त्यांच्याकडे ऑफिसचा स्क्रीनशॉट पाठवणं म्हणजे माहिती बाहेर पाठवणं. कंपनीला विचारल्याशिवाय करू नका.

दुसरी सवय रिॲक्शनची. ‘उद्या दहाला चालेल का?’ या मेसेजवर तुम्ही अंगठा उमटवलात, तुमच्या दृष्टीने उत्तर दिलं. पण विचारणारा परत त्या मेसेजवर किंवा ॲक्टिव्हिटीच्या पानावर गेल्याशिवाय त्याला ते कळत नाही. महत्त्वाचं असेल तर ‘हो’ असं लिहा, एकच अक्षर तर आहे. इमोजी वाक्याच्या शेवटी ठेवा. शब्दांच्या मधे पेरलेल्या इमोजींची नावं वाक्यातच वाचली जातात आणि अर्थ तुटतो. इंटरनेटवरून आणलेली ती नक्षीदार ठळक अक्षरं तर टाळाच. युनिकोडमध्ये ती गणिताची चिन्हं आहेत, त्यामुळे काही आवाज त्यांची लांबलचक नावं वाचतात आणि काही ती चक्क गाळतात.

उत्तर थ्रेडमध्येच द्या. दिसणाऱ्याला चॅनलमधली तीन वेगवेगळी संभाषणं रंगावरून, फोटोवरून वेगळी करता येतात. ऐकणाऱ्याला ती एकाच दोरीत गुंतलेली मिळतात.

अडलं तर कुणाला सांगायचं?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं असं म्हटलंय, आणि यात खासगी कंपन्याही येतात. एचआरकडे ते धोरण मागून बघा. स्क्रीन रीडर इन्स्टॉल करायला आयटी विभाग परवानगी देत नसेल तर या धोरणाचा आधार घेता येतो. सॉफ्टवेअर कसं असावं यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. कंपनी नवीन चॅट ॲप घेणार असेल तेव्हा त्याचं नाव काढायला हरकत नाही.

अडचण स्लॅकचीच असेल, म्हणजे एखादं बटण नुसतं ‘बटण’ म्हणून वाचलं जातंय किंवा अपडेटनंतर फोकस भलतीकडे उडतोय, तर ॲपमधल्या हेल्प मेनूतून कळवा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर समोरच्या इंजिनिअरला काही करता येत नाही. विंडोज, स्लॅक आणि एनव्हीडीए यांच्या आवृत्त्या लिहा. कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबली, स्क्रीन रीडर नेमकं काय बोलला आणि काय बोलायला हवं होतं, ते लिहा. एनव्हीडीए + एन दाबून टूल्स मेनूमधला ‘स्पीच व्ह्यूअर’ चालू केला की बोललेलं सगळं अक्षरांत दिसतं. तो मजकूर तसाच कॉपी करून तक्रारीत जोडता येतो.